कलू काही खात नाही

बिर्गिट आमच्याकडे राहायला आली त्याच संध्याकाळी तिच्या पोरीच्या रडण्यानं अर्धा वाडा, म्हणजे आमची अर्धी वस्ती, अंगणात जमला. पोर खोलीत, दार ओढून घेतलेलं, आणि ही बाहेर पायरीवर पुस्तक वाचत बसलेली. तिच्या देशात म्हणे मुलांना असंच निजवतात. पापा घ्यायचा, दार ओढायचं आणि बाहेर यायचं. थोडं रडून पोर आपोआप झोपतं. तिनं हे मला इंग्रजीत सांगितलं, मी ते अंगणाला सांगितलं, आणि अंगणाला ते अजिबात पटलं नाही. शेजारची मंगलाकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोर रडता आनी आवस पुस्तक वाचता! शालू, तिका इचार, पोर तिचाच मां?" हे काही मी विचारलं नाही. माझी आई तोवर कुणालाही न विचारता खोलीत गेली होती. पोरीला खांद्यावर टाकून ती बाहेर आली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि झोपलेलं मूल बिर्गिटच्या मांडीवर ठेवून भात बघायला आत गेली. बिर्गिट पुस्तकात बोट घालून नुसती बसून राहिली. रागावावं की आभार मानावेत हे तिचं ठरत नव्हतं. पुढचे काही महिने तिचा चेहरा बहुतेक वेळ तसाच असायचा.

त्या वेळी गोव्यात, आमच्या हरमलला, आजच्यासारखी भाड्याच्या खोल्यांची रांग नव्हती. ज्यांच्याकडे एखादी जास्तीची खोली होती ते ती सारवून, खाट टाकून परदेशी लोकांना देत. आमच्याकडे घराला लागून एक होती. पूर्वी तिच्यात नारळ आणि जुनी जाळी ठेवत. बाबा डिचोलीला खाणीच्या कचेरीत कारकून होते, शनिवारी दुपारी घरी यायचे, त्यामुळे घराचा सगळा कारभार आईचा. मी नुकतीच अकरावीला लागले होते आणि बसनं पेडण्याला जात होते. थोडंफार इंग्रजी बोलणारी घरात मी एकटीच, म्हणून पाहुण्यांची भाषा माझ्या वाट्याला आली. आईला ती शिकायची गरज कधी वाटली नाही. ती बिर्गिटशी सरळ आपल्या बोलीत बोलायची, फक्त जरा मोठ्यानं.

बिर्गिट जर्मनीची. उंच, हाडापेरानं मजबूत, केस मागे घट्ट बांधलेले. तिच्याबरोबर आलेला पुरुष उत्तरेकडे डोंगर बघायला गेला होता आणि परत येईल असं तिला वाटत नव्हतं. हे तिनं मला बस चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं. ती हातानं लहान मुलांचे कपडे शिवायची आणि बुधवारच्या बाजारात विकायची. पाऊस सुरू होईपर्यंत इथं राहायचं आणि मग घरी परतून नोकरी धरायची असा तिचा बेत होता. पोरीचं नाव क्लारा, वय दीड वर्षाच्या आसपास. दोन दिवसांत तिची कलारा झाली आणि आठवड्यात कलू. ती चालायची तेव्हा आता पुढे पडणार असंच वाटायचं, आणि पडली तर कुणी बघतंय का हे आधी बघून मगच रडायची.

एकटीनं परक्या मुलखात पोर वाढवणं म्हणजे काय, ते मी जनेलातून रोज बघत होते. आमच्यात खिडकीला जनेल म्हणतात आणि माझ्या अभ्यासाच्या मेजासमोरच्या जनेलातून तिचं अंगण दिसायचं. पहाटे उठून ती विहिरीचं पाणी उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची. मग ते पाणी ती बाटलीत भरत असतानाच कलू कोंबड्यांच्या कुंडीतलं पाणी ओंजळीनं पीत असायची. बिर्गिट तिला टोपी घालायची, कलू ती विहिरीत टाकायची. बिर्गिट तिला लंगोट बांधायची आणि वाड्यातली कुणीतरी बाई, एवढ्या उष्म्यात पोराला कशाला बांधून ठेवायचं म्हणून, तो सोडून कुंपणावर वाळत घालायची. संध्याकाळी बिर्गिट सगळ्या कुंपणांवरून आपले लंगोट गोळा करत फिरायची. आमची आई कलूला खोबरेल चोळून न्हाणीत कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, तेव्हा बिर्गिट दाराशी श्वास रोखून उभी असायची. आत पोरगी खदखदून हसत असायची.

बोलण्याचीही तीच तऱ्हा. पोरीनं जर्मन बोलावं म्हणून बिर्गिट तिच्याशी सतत बोलायची, पण कलूनं पहिले शब्द उचलले ते आमचे. "माका," "यो," "ना." म्हणजे मला, ये, नाही. कावळ्याला "यो" आणि आपल्या आईला "ना." आपल्या पोटच्या पोरीचं बोलणं बिर्गिटला मी समजावून द्यायचे. ती हसायची, पण पूर्ण हसायची नाही.

खरी लढाई जेवणाची. बिर्गिट तिच्यासाठी ओट शिजवायची, गाजर उकडून कुस्करायची, दह्यात केळं घालायची. सगळं स्वच्छ, मऊ आणि मिठावाचून. मग पोरीला पायरीवर बसवून कुलेर तिच्या तोंडाशी न्यायची. कुलेर म्हणजे चमचा; तिच्याकडे एक छोटी लाकडी कुलेर होती, पोरीसाठी खास घरून आणलेली. कलू ओठ घट्ट मिटायची. बिर्गिट गाणं म्हणायची, कुलेरीचं जहाज करायची, विमान करायची. कलू ते कौतुकानं बघायची आणि तोंड मिटलेलंच ठेवायची. पलीकडच्या अंगणात मंगलाकाकी ताटली घेऊन आपल्या बाबल्यामागे तुळशीभोवती धावत असायची. बाबलो कलूपेक्षा जरा मोठा, आणि घरात शिजलेलं काहीही तोंडातून बाहेर काढण्यात पटाईत. दोन अंगणांत दोन आया एकाच वेळी हरत असायच्या. मंगलाकाकीला त्याची सवय होती. बिर्गिटला नव्हती.

माझी मुलगी आता परदेशात असते. तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे. ती फोनवर चेहरा दाखवते आणि पहिलं वाक्य असतं, "आई, हा काहीच खात नाही." मागे पोरगा दोन्ही हातांत बिस्किटं घेऊन उभा असतो. मी त्या बिस्किटांकडे बोट दाखवत नाही, कारण तिची अडचण बिस्किटांची नाही हे मला कळतं. तिच्या इमारतीत शेजारचं दार कधी उघडं नसतं, आणि पोरानं टाकलेलं जेवण बघायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नसतं. तेव्हा मला बिर्गिटची लाकडी कुलेर आठवते.

काही आठवड्यांनी बिर्गिटनं चौकशी सुरू केली. मला बरोबर घेऊन ती घरोघर जाऊन विचारू लागली, की क्लारा तुमच्याकडे येते तेव्हा काही खाते का. आईनं सांगितलं, "खंय गो! दाताक लागात तितकासुद्दा खायना." मंगलाकाकी म्हणाली, "चिमटीभर. चिडयेचा पोट बरा," म्हणजे चिमणीसुद्धा हिच्यापेक्षा जास्त खाते. पाववाल्याची बायको रोझालिनमावशी, जिचं घर आमच्या कुंपणापलीकडे होतं, तिनं तर हात जोडून आकाशाकडे बघितलं आणि "बिचारी" म्हणाली. मी सगळ्याचं नीट भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही. बिर्गिट ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्यात कुणाही पोराबद्दल विचारलं की हेच ऐकू येतं. मी हे वाक्य जन्मापासून ऐकत आले होते आणि वाऱ्याचा आवाज जसा ऐकू येत नाही तसं ते मला ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर बिर्गिट कलूला घेऊन पेडण्याच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं पोट दाबलं, जीभ बघितली, टॉनिक दिलं. कलूनं टॉनिक थुंकलं. एका शुक्रवारी मी कॉलेजातून आले तर बिर्गिटच्या खाटेवर बॅग उघडी पडली होती आणि तिच्यात लंगोट रचलेले होते. सोमवारच्या बसनं म्हापशाला, तिथून मुंबई, तिथून घर. "माझ्यानं हे होत नाही," ती म्हणाली. "या पोरीला मी इथं एकटी वाढवू शकेन असं मला वाटलं होतं. तीन घरांत विचारलं, कुठेच काही खात नाही. उद्या आजारी पडली तर मी काय करू?" तिचा आवाज शांत होता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. मला ती जायला नको होती. माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारी तोवर ती एकटीच भेटली होती. आणि मी बसमधून उतरले की रस्त्यापर्यंत पडत-झडत येऊन माझा झगा धरणारी कलूही मला जायला नको होती.

ती तेव्हाही माझ्या झग्याला लोंबकळत होती. मी तिला उचललं आणि तिनं नेहमीसारखं माझं नाक धरून तोंड जवळ आणलं. तिच्या तोंडाला भाजलेल्या बांगड्याचा वास येत होता. चांगला, चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेल्या बांगड्याचा. मी तिची मूठ उघडली. आत गुळाचा खडा होता, अर्धा चाटलेला.

मी बिर्गिटला एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी आपण हिच्या मागे जाऊ. तिला कळू द्यायचं नाही."

शनिवारी सकाळी बिर्गिटनं ओट शिजवले, कलूनं ओठ मिटले, आणि बिर्गिटनं तिला सोडून दिलं. आम्ही दोघी माडांच्या आडून निघालो. कलू पहिल्यांदा आमच्याच स्वयंपाकघराच्या मागच्या दारी गेली. उंबऱ्यावर थपकन बसून तिनं "यो" म्हटलं. आतून आई वाटीत पेज आणि वर आंब्याच्या लोणच्याचा खार घालून घेऊन आली, आणि पोरीनं वाटी दोन्ही हातांनी धरून तळापर्यंत ओढली. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि शनिवारसाठी राखलेल्या डब्यातलं, गुळात घोळलेलं खाजं तिच्या हातावर ठेवलं. बाबा डिचोलीच्या बाजारातून आणत ते खाजं मला मागितल्याशिवाय मिळत नसे. कलू तिथून मंगलाकाकीकडे. तिथं भाकरीचा मऊ पापुद्रा आणि गूळ. बाबलो तोंड फिरवून तुळशीमागे उभा, आणि त्याच्या ताटलीतला घास कलूच्या तोंडात. तिथून रोझालिनमावशीकडे, तिनं पोई फोडून चहात बुडवली आणि एक-एक तुकडा भरवत गेली. पोई म्हणजे कोंड्याचा फुगीर पाव, अर्धा खाल्ला तरी मोठ्या माणसाचं पोट भरतं. कलूनं सगळा खाल्ला आणि कुत्र्याला काही ठेवलं नाही. मग ती वाळूकडे वळली. तिथं होडीच्या सावलीत जाळं निवडणाऱ्या बायका होत्या, निखारे होते आणि बांगडा होता. काटे काढून मासा तिच्या तोंडात घालणाऱ्या बाईचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. ती मात्र कलूला नावानं हाक मारत होती.

 परत येताना बिर्गिट तडक मंगलाकाकीच्या अंगणात शिरली. काकीच्या बोटांना अजून गूळ लागलेला होता. बिर्गिटनं मला विचारायला लावलं, क्लारानं आज काही खाल्लं का?

काकीनं सुस्कारा सोडला. "खंय गो! चिमटीभर. बाय माझी, खावकच मागना."

बिर्गिटनं माझ्याकडे बघितलं. आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की हे हिला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. आमच्यात पोर चांगलं खातं असं मोठ्यानं म्हणत नाहीत. म्हटलं की दिष्ट लागते आणि पोराचं खाणं तुटतं. त्यातून दुसऱ्याच्या पोराबद्दल तर कधीच म्हणत नाहीत. म्हणणाऱ्याची नजर वाईट ठरते. आणि दारात आलेल्या पोराला कोरड्या तोंडानं परत पाठवत नाहीत. म्हणजे प्रत्येक घरानं तिला पोटभर भरवलं होतं, आणि विचारल्यावर प्रत्येक घरानं पोरीच्या भल्यासाठी नाही म्हटलं होतं. एका घरचं दुसऱ्या घराला माहीत नव्हतं असंही नाही. सगळ्यांना माहीत होतं. बिर्गिटला सोडून.

हे सगळं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती आधी हसली, अगदी मोठ्यानं, डोकं मागे टाकून. मंगलाकाकीही तिचं बघून हसायला लागली. मग बिर्गिट अंगणाच्या दगडी गडग्यावर बसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"सगळ्यांच्या हातचं खाते," ती म्हणाली. "फक्त माझ्या हातचं नाही."

मी हे आईला जाऊन सांगितलं. आई मासे कापत होती. रडणाऱ्या बाईपुढे बसून तिची पाठ थोपटणं आईला जमायचं नाही, तेव्हा ती खवल्यांच्या हातानं तशीच बाहेर आली आणि गडग्यापाशी उभी राहून नेहमीसारखी मोठ्यानं बोलली.

"आपल्या आवशीच्या हातचा खंयचा पोर गुमान खाता? ह्या शालून दोन वर्सां माझ्या हातचो घास घेतलो ना. रोझालिनीच्या मांडयेर बसान जेवायची. मी काय घर सोडून गेलंय?"

हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी भाषांतर करायचं विसरले. बिर्गिट विचारत होती, काय म्हणतात त्या, काय म्हणतात, आणि कुंपणापलीकडून रोझालिनमावशी मान डोलावून सांगत होती की खरं आहे, आणि ही लोणी लावल्याशिवाय पाव खायची नाही. शेवटी सांगितलं सगळं. लोण्याचं सोडून.

"तुझ्याकडे ती कुलेर आसा मां?" आई पुढे म्हणाली. "तुझ्या पोराक वाडो भरयता. तू वाड्याच्या पोराक भरय. मंगला, फाल्या बाबल्याक हिच्याकडे पाठय." मंगलाकाकी म्हणाली, "तो खाता खंय!" आणि या वेळी ते शब्दशः खरं होतं. बोलणारीच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय हे वाक्य कळायचं नाही, हेही त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं.

बाबा दुपारी आले, त्यांना सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "त्या पोराच्या नशिबात आता ओट," आणि खाज्याचा डबा उघडून बघितला. तो रिकामा होता.

रविवारी सकाळी मंगलाकाकीनं बाबल्याला आणून बिर्गिटच्या पायरीवर बसवलं आणि मुद्दाम विहिरीवर निघून गेली. मी जनेलाशी बसून अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवलं होतं. खोलीचं दार सताड उघडं होतं, आत खाटेवर भरलेली बॅग दिसत होती, फक्त तिचा पट्टा लावायचा राहिला होता. बिर्गिटनं वाटीत ओट घेतले, त्यात केळं कुस्करलं. बाबल्यानं त्या लाकडी कुलेरीकडे बघितलं. मग बिर्गिटच्या पिवळ्या भुवयांकडे. तिनं जहाज केलं नाही की विमान केलं नाही. तिलाच भरवसा नव्हता, म्हणून तिनं नुसती कुलेर पुढे केली आणि दुसरीकडे बघत बसली. बाबल्यानं तोंड उघडलं. तिनं दचकून दुसरी कुलेर भरली. त्यानं तीही घेतली. ज्यानं घरचा तूपभात कोंबड्यांना घातला होता, त्यानं ते बिनमिठाचे, बेचव, पांढरे ओट डोळे मोठे करून गिळले आणि वाटी बोटानं निपटली. कलू आमच्या मागच्या दारी पेज पिऊन आली होती. तिनं हे बघितलं, येऊन बाबल्याला ढकललं आणि कुलेरीसमोर आपलं तोंड उघडून उभी राहिली. वाटीत काही उरलं नव्हतं. बिर्गिटनं रिकामीच कुलेर तिच्या तोंडात दिली. कलूनं तीही चोखली.

मंगलाकाकी ओल्या हातांनी धावतच आली. वाटेतूनच ओरडली, "खाल्लान काय गो कायतरी?"

बिर्गिटनं वाटी उचलून स्कर्टच्या घोळात लपवली. स्कर्टच्या टोकानंच बाबल्याची हनुवटी पुसली. आणि आमच्या वाड्यातली कुठलीही बाई करेल तसं तोंड करून, मान हलवून ती म्हणाली, "खंय गो, काकी! चिमटीभर."

मंगलाकाकीनं तिच्याकडे बघितलं, बाबल्याच्या पोटाकडे बघितलं आणि पायरीवर फतकल मारली. तिला इतकं खूश झालेलं मी क्वचितच बघितलं होतं.

"मगे फाल्या पाठवूं काय तेका?" तिनं विचारलं.

फाल्या म्हणजे उद्या, आणि उद्या सोमवार होता. एवढी आमची बोली बिर्गिटला आता येत होती. तिनं मागे वळून खाटेवरच्या बॅगकडे बघितलं, मग कलूच्या तोंडातली कुलेर हलकेच ओढून काढली.

"पाठय," ती म्हणाली.